खेपेच्या हिशेबात

डंपिंगच्या फाटकातून आत आलेली प्रत्येक गाडी दोनदा तोलली जाते. भरलेली असताना एकदा आणि रिकामी होऊन बाहेर पडताना एकदा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे कचरा. काट्याच्या खोलीतून पावती निघते. तिच्यावर गाडीचा नंबर असतो, वेळ असते, टनांचा आकडा असतो. चालक दोन्ही वेळा गाडीतच बसलेला असल्यामुळे वजाबाकीत त्याचं वजन निघून जातं.

मुंबई रोज साधारण ६,५०० टन कचरा घराबाहेर ठेवते. त्यातला बहुतेक आज कांजूरमार्गला जातो, थोडा देवनारला. म्हणजे दिवसरात्र मिळून शेकडो खेपा. पूर्व द्रुतगती महामार्गावर या गाड्या शेजारून जाऊ लागल्या की आपण काच वर करतो. त्याच रस्त्यांवर उलट दिशेने खडी, क्रश सँड आणि मुरमाच्या गाड्या शहरात शिरत असतात. शहर बांधायला लागणारा माल आत येतो, शहराने टाकलेला माल बाहेर जातो, आणि दोन्हीकडे स्टिअरिंगवर बसलेली माणसं बहुधा सारख्याच मुलखांतून आलेली असतात: बीड, जालना, परभणी, सोलापूर, नाहीतर उत्तर प्रदेश, बिहार. बरेच जण आयुष्यात दोन्ही कामं करून पाहतात. कचऱ्याच्या गाडीला वास असतो, पण रोज त्याच रस्त्याने फिरून खोलीवर परतता येतं. खडीच्या गाडीला वास नसतो, पण झोपही नसते.

या लेखासाठी कांजूरमार्गच्या रस्त्यावर आणि पुण्याजवळ वाघोलीच्या खाणपट्ट्यात मी चालकांशी बोललो. नाव छापू नका, असं बहुतेकांनी आधीच सांगितलं. त्यांच्या बोलण्यातून एक चित्र तयार होत गेलं. गाडीत किती भरायचं हे एक जण ठरवतो, किती वाजता पोचायचं हे दुसरा, कुठे ओतायचं हे तिसरा. दंडाची पावती, गुन्ह्याचा कागद आणि लोकांचा राग मात्र चालकाच्या वाट्याला येतो. या धंद्यातले अपघात, ओव्हरलोड, रात्री खाडीत पडणारं डेब्रिज, या सगळ्यांची मुळं खेपेच्या दरात आहेत असं माझं मत झालं आहे. ते का, हे सांगायला थोडं तपशिलात जावं लागेल.

•••

कचरा शहराबाहेर वाहून नेण्याचं काम मुंबईत जुनं आहे. १८९६ साली प्लेग आला आणि कचरा वस्तीपासून लांब न्यायची निकड वाढली. महालक्ष्मीहून चेंबूरच्या दलदलीकडे कचऱ्याची आगगाडी जाऊ लागली. आज हार्बरची लोकल जिथून धावते तो कुर्ला ते चेंबूर पट्टा आधी कचऱ्याच्या सेवेत होता. प्रवाशांना तो १९२४ साली मिळाला. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. पुढे आगगाडी गेली, ट्रक आले, आणि ज्या जागा शहराबाहेर होत्या त्या शहराच्या मधोमध आल्या.

गल्लीतून कचरा उचलणारी कॉम्पॅक्टर गाडी लांबून फक्त बंद पेटी दिसते. तिचं पोट मागे असतं. मोटार लोडर म्हणवले जाणारे कामगार डबे उलटे करतात, आतलं पोलादी पातं कचरा ओढून पुढे दाबतं, पुन्हा मागे येतं. हे पातं गाडीच्याच इंजिनावर चालतं. त्यामुळे गाडी उभी असतानाही चालकाला इंजिनाचा वेग सांभाळत बसावं लागतं. मागून हौद्यावर दोन थापा पडल्या की पुढे सरकायचं, एक पडली की थांबायचं. मागे माणसं पायरीवर लटकलेली असतात, हे विसरून चालत नाही. आरशात न दिसणाऱ्या दोन-तीन जीवांचा भरवसा त्या थापांवर असतो.

आपल्याकडच्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त भाग ओला असतो. दाबला की त्याचं पाणी निघतं. गाडीला ते साठवायची टाकी असते, पण ती गळकी असली, भरली, किंवा तिचा वॉल्व्ह नीट बसला नाही तर पाणी रस्त्यावर येतं. मागून येणारा दुचाकीवाला घसरतो किंवा घसरता घसरता वाचतो, आणि सिग्नलला गाडी गाठून चालकाला शिव्या घालतो. टाकी दुरुस्त करून घ्यायचा अधिकार चालकाकडे नसतो. तो मालकाला सांगतो, मालक म्हणतो रविवारी बघू, आणि सोमवारी तीच गाडी त्याच गल्लीत जाते. पावसाळ्यात सगळंच जड होतं. उघड्या डब्यांत पाणी साठतं आणि काट्यावर तेही कचरा म्हणून तोललं जातं. ठेकेदाराला टनावर पैसे मिळत असले की जड गाडी म्हणजे चांगली गाडी. वजन वाढवण्यासाठी कचऱ्यात डेब्रिज मिसळलं जातं, असे आरोप मुंबई महापालिकेच्या सभांमधून झालेले आहेत. त्या जादा वजनाखाली ब्रेक लावायचा असतो चालकाला.

कुर्ला, महालक्ष्मी, वर्सोवा अशा हस्तांतरण केंद्रांवर छोट्या गाड्यांचा माल मोठ्या गाड्यांत चढतो आणि पुढे जातो. कचराभूमीवर पोचल्यावर रांग लागते. ही रांग चालकाच्या दिवसातला सर्वात लांब भाग. इंजिन बंद करावं तर केबिनमध्ये माश्या आणि उकाडा, चालू ठेवावं तर डिझेल कुठे गेलं म्हणून मालक विचारणार. जेवणाचा डबा तिथेच उघडायचा. हात धुवायला बाटलीतलं पाणी. एका चालकाने मला सांगितलं, “घरी गेलो की लेकरं आधी विचारतात, पप्पा, आंघोळ झाली का? मगच जवळ येतात.” त्याने हे तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. ऐकणाऱ्याला मात्र लागतं.

जागा बदलली की खेप बदलते. गोराईची कचराभूमी २००७ साली बंद झाली, मुलुंडची २०१८ साली. दोन्ही बंद व्हायलाच हव्या होत्या, आसपासच्या लोकांनी फार सोसलं होतं. पण एक फाटक बंद झालं की तिथल्या गाड्यांना लांबचा रस्ता धरावा लागतो, आणि रस्ता वाढला म्हणून खेपांची अपेक्षा कमी झाली असं होत नाही, असं चालक सांगतात. कांजूरमार्गचंही भवितव्य न्यायालयात आहे. २०२५ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ती जमीन संरक्षित वन असल्याचा निर्णय दिला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. विक्रोळी, कांजूर, भांडुपच्या लोकांचा दुर्गंधीविरुद्धचा लढा खरा आहे. त्या लढ्याला पहिल्यांदा सामोरा जातो तो चालकच. पुण्यात २०१७ च्या एप्रिल-मे महिन्यांत उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी तीन आठवड्यांहून जास्त काळ कचऱ्याच्या गाड्या येऊ दिल्या नाहीत. कित्येक वर्षं पुण्याचा कचरा अंगणात झेलणाऱ्या गावांचा संताप समजण्यासारखा होता. पण रस्त्यात अडवायला महापालिका सापडत नाही, गाडी सापडते.

कचरा आणि खडी या दोन खेपांचं नातं किती जवळचं आहे, ते २०१६ साली मुंबईला कळलं. जानेवारीच्या अखेरीस देवनारला आग लागली. धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. फेब्रुवारीअखेर उच्च न्यायालयाने म्हटलं की, कचऱ्याची कायदेशीर व्यवस्था होत नाही तोवर शहरात नव्या इमारतींना परवानगी देऊ नये. त्या बंदीतून सशर्त सूट मिळायला २०१८ उजाडलं. कचऱ्याला जागा नाही म्हणून खडीच्या खेपांवर गदा आली. नियोजनकारांना हे कोडं वाटलं असेल. दोन्ही गाड्या चालवलेल्या माणसाला त्यात नवल वाटत नाही.

•••

खडीचा, वाळूचा हिशेब महाराष्ट्रात ब्रासमध्ये चालतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, घनमीटरमध्ये २.८३. बांधकामाच्या जागेवर माल ब्रासने विकत घेतात, रस्त्यावर पोलीस आणि आरटीओ तो टनात मोजतात. सगळा घोळ या दोन मापांच्या मधल्या जागेत होतो.

दहा चाकी डंपरचं, चालक ज्याला हायवा म्हणतात त्याचं, उदाहरण घेऊ. २०१८ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने आसभार वाढवून दिला, तेव्हापासून तीन आसांच्या गाडीचं एकूण वजन २८.५ टनांपर्यंत चालतं. पूर्वी ते २५ टन होतं. रिकामी हायवा साधारण ११ टनांच्या आसपास भरते. म्हणजे मालासाठी उरले १७-१८ टन. एक ब्रास खडी सव्वाचार टनांच्या घरात जाते. म्हणजे कायद्याने चार ब्रास. आता हौद्याकडे पाहा. त्यात पाच-साडेपाच ब्रास आरामात मावते. फळ्या चढवून उंची वाढवली तर आणखी. साडेपाच ब्रास भरली की गाडी पाच-सहा टनांनी जड झाली. माल ओली वाळू असेल तर त्याहूनही जास्त, कारण ब्रास तोच राहतो आणि वजन पाण्याने वाढतं.

क्रशरवर भरणारा माणूस लोडरच्या बकेट मोजतो. गाडी किती वाहू शकते हे त्याला विचारायचं नसतं. गाडीमालकाला चार ब्रासच्या भाड्यात डिझेल, टायर, कर्जाचा हप्ता आणि चालक भागत नाही. बिल्डरला पाच ब्रासची पावती हवी असते. या तिघांचं जमल्यावर गाडी रस्त्याला लागते, आणि मग ती फक्त चालकाची असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. वर जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. वजनासाठी थांबायला नकार दिला तर ४०,००० रुपये. सहा टन जादा असतील तर ३२,००० रुपये, म्हणजे बऱ्याच चालकांच्या महिन्याच्या कमाईहून जास्त. म्हणून मग रात्री नाका टाळणारे गावरस्ते धरले जातात. ते रस्ते इतक्या वजनाचे नसतात, त्यांना पदपथ नसतात आणि अंधारात कडेने माणसं चालत असतात.

मोटार वाहन कायद्यात एक चांगली तरतूद आहे. गाडी चालवणारा मालक नसेल, तर जादा वजनाचा गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा आदेशाने झाला असं न्यायालय गृहीत धरू शकतं. दंडाचं कलमही नुसत्या चालवणाऱ्याबद्दल बोलत नाही, चालवायला लावणाऱ्याबद्दल आणि चालवू देणाऱ्याबद्दलही बोलतं. म्हणजे कायद्याने मालकापर्यंत पोचायची वाट ठेवलेली आहे. क्रशरच्याच दारात काटा बसवून जादा भरलेली गाडी तिथेच अडवली, तर निम्मा प्रश्न रस्त्यावर यायच्या आत मिटेल. नाक्यावर चालकाला पकडणं सोपं असतं, म्हणून तेच होत राहतं.

वाळूची गोष्ट याहून कडू आहे. २०२३ साली राज्याने सरकारी डेपोतून ६०० रुपये ब्रासने वाळू देण्याचं धोरण आणलं, २०२५ साली ते बदलून पुन्हा लिलावाची पद्धत आणली आणि दगडापासून केलेल्या कृत्रिम वाळूला उत्तेजन द्यायचं ठरवलं. धोरणं बदलली तरी नदीपात्रातून रात्री निघणाऱ्या गाड्या आहेतच. तहसीलदारांचं पथक आलं की चालक गाडी सोडून पळतो, नाहीतर गाडी पथकावर घालतो. तलाठी आणि पोलिसांवर असे हल्ले झालेले आहेत, आणि ते गुन्हेच आहेत. त्यांची कोणतीही भलामण मला करायची नाही. पण त्या गाडीच्या मागे ज्याचा पैसा असतो तो नदीवर कधीच नसतो.

डेब्रिजचंही तसंच. बांधकामाच्या राडारोड्याचे नियम २०१६ साली आले. त्यांनुसार दिवसाला २० टनांहून किंवा महिन्याला एका प्रकल्पातून ३०० टनांहून जास्त राडारोडा काढणाऱ्याने तो कुठे नेणार याचा आराखडा द्यायचा होता. मुंबईच्या राडारोड्यासाठी दहिसरला आणि शिळफाट्याकडे प्रक्रिया प्रकल्प उभे राहिले. पण दादरच्या जुन्या इमारतीचा मलबा दहिसरला न्यायचा तर डिझेल लागतं, वेळ लागतो. ठेका घेतलेल्याने दर इतका खाली आणलेला असतो की तेवढ्यात गाडी खाडीपर्यंतच पोचते. “कुठेतरी टाक” हे दोन शब्द चालकांनी मला वेगवेगळ्या ठिकाणी, जवळजवळ एकाच सुरात सांगितले. पहाटे तीन वाजता खारफुटीत हौदा वर करणारा माणूस दोषी आहेच. त्याला तिथे पाठवणारा दर ज्याने ठरवला, त्याचं नाव मात्र कुठल्याही पंचनाम्यात येत नाही.

•••

गाडी चालवणं या कामातला सोपा भाग आहे, असं मला जुन्या चालकांनी सांगितलं. अवघड आहे ते ती रिकामी करणं. हा भाग फारसा कोणी पाहत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो.

हायवा ओतायची तर जमीन सपाट आणि कडक लागते. केबिन आणि हौदा एका रेषेत हवेत, गाडी वळलेली नको. मागचा फाळका मोकळा झाला आहे का ते खाली उतरून पाहायचं. वर बघायचं, तार आहे का. मग हँडब्रेक, क्लच दाबून पीटीओ टाकायचा, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे न जाता हायड्रॉलिक पंपाकडे जाते. लिव्हर ओढला की पुढचा जॅक टप्प्याटप्प्याने लांबत जातो आणि हौदा उठू लागतो. पहिले काही क्षण माल हलत नाही. खडी एका ठरावीक कोनापर्यंत तशीच बसून राहते आणि मग एकदम निघते. गाडीला त्या वेळी जो हिसका बसतो, तो जॅकवर आणि चेसिसवर येतो.

धोका आहे तो माल एकसारखा न निघण्यात. ओला मुरूम, ओली क्रश सँड हौद्याच्या तळाला आणि एका बाजूच्या कोपऱ्याला धरून बसते. निम्मा माल गेलेला, निम्मा वर अडकलेला, आणि हौदा दुमजली घराच्या उंचीला. अशा वेळी एका बाजूचं मागचं चाक भुसभुशीत भरावात दोन-चार बोटं जरी रुतलं, तरी वरचं वजन त्या बाजूला सरकतं. मग गाडी सावरत नाही. ती आडवी होते, आणि सोबत केबिनही. शहाणा चालक अशा वेळी हौदा खाली घेतो, फावडं घेऊन चढतो, चिकटलेला माल मोकळा करतो. त्यात अर्धा तास जातो. घाईतला चालक हौदा वर ठेवूनच गाडी थोडी पुढे घेतो आणि कचकन ब्रेक लावतो, म्हणजे झटक्याने माल सुटतो. हे चूक आहे हे त्याला माहीत असतं. अर्ध्या तासात एक खेप बुडते, हेही माहीत असतं.

तारेचा धोका वेगळा. हौदा उच्चदाबाच्या तारेला लागला तर गाडीत बसलेला माणूस बसून राहिला तरच बरेचदा वाचतो. वीज गाडीच्या सांगाड्यातून जमिनीत जात असते. गाडीने पेट घेतला आणि उतरणं भागच पडलं तर दोन्ही पाय जोडून बाहेर उडी मारायची, गाडीला आणि जमिनीला एकाच वेळी अंग लागू द्यायचं नाही, आणि मग छोट्या पावलांनी लांब जायचं. ज्यांच्याशी मी बोललो त्यांच्यापैकी फार थोड्यांना हे कुणी शिकवलं होतं. हौदा खाली घ्यायचा विसरून निघालेल्या गाड्या पुलाच्या तुळईला, कमानींना धडकल्याच्या बातम्याही येतात. वाचणाऱ्याला हा मूर्खपणा वाटतो. एका दिवसात तीच कृती पुन्हा पुन्हा, कमी झोपेत करणाऱ्याला विसर पडू शकतो.

कचऱ्यावर जमीनच भरवशाची नसते. डोझर फिरवून केलेला रस्ता हा कचऱ्यावरच केलेला रस्ता. आत पोकळ्या असतात, ओल असते, कुजणारा थर हळूहळू खचत असतो. देवनारला शंभर फुटांहून उंच ढीग झालेले आहेत, आणि साठलेला जुना कचरा १८५ लाख टनांच्या घरात मोजला गेला आहे. कॉम्पॅक्टर गाडीत माल ढकलून बाहेर काढणारी फळी असते, तिला हौदा उचलावा लागत नाही. ते जास्त सुरक्षित. पण उचलून ओतणाऱ्या गाडीत चिंध्या, दोऱ्या, प्लास्टिक यांचा गुंता होऊन सगळा गोळा लोंबकळत राहतो. त्यात मागे माणसं असतात. कचरा वेचणाऱ्या बायका आणि पोरं ताज्या गाडीकडे धावतात, कारण आधी पोचणाऱ्याला चांगला माल मिळतो. २०१६ च्या आगीनंतर देवनारला त्यांना आत यायला बंधनं आली. तरीही मागे कोणी असेल ही धास्ती चालकाच्या मनात कायम असते. हे दोघंही खेपेचीच घाई करत असतात. एकाला गाडी रिकामी करायची असते, दुसरीला त्यातून पोट भरायचं असतं.

•••

२३ डिसेंबर २०२४ च्या मध्यरात्रीनंतर वाघोलीत, केसनंद फाट्याजवळ एक डंपर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गेला. अमरावतीकडून कामासाठी आलेली माणसं होती. तिघं गेले, त्यांत दोन लहानगी. चालक दारू प्यायलेला होता. यावर सारवासारव करावी असं मला काहीही सांगायचं नाही. मी ज्या चालकांशी बोललो तेही त्याच्या बाजूने एक शब्द बोलले नाहीत.

पण गुन्हा एकाचा असला तरी अशा रात्री तयार कशा होतात हे विचारावं लागतं. मुंबई-पुण्यात गर्दीच्या वेळी जड वाहनांना बंदी असते. ती असायलाच हवी. त्यामुळे भरलेल्या गाड्या शहराच्या वेशीवर थांबून राहतात. नो एंट्री सुटली की सगळ्या एकदम निघतात, कारण पुढच्या बंदीच्या आत जितक्या खेपा बसतील तितक्या बसवायच्या असतात. दिवसभर उन्हात तापलेल्या केबिनमध्ये झोप होत नाही, आणि खरं काम रात्री सुरू होतं. बऱ्याच ठिकाणी पगार थोडा आणि खेपेमागे भत्ता, अशी रचना असते. म्हणजे जो हळू चालवतो, फावडं घेऊन हौद्यात चढतो, झोप आली म्हणून गाडी बाजूला घेतो, त्याचे पैसे कापले जातात. सावधपणाला इतका थेट दंड असलेला दुसरा व्यवसाय मला माहीत नाही.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. पुढे २०२० साली केलेल्या श्रमसंहितेत तो कायदा सामावून घेतला गेला. जुना कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या व्यवसायाला लागू होता. खडीच्या धंद्यात एक गाडी, दोन गाड्या असलेले मालक कितीतरी. त्यांच्या चालकांना तो कधी भेटलाच नाही. आणि हे छोटे मालक काही कोट्यधीश नसतात. स्वतःच गाडी चालवता चालवता कर्ज काढून दुसरी घेतलेली असते. हप्ता चुकला की फायनान्सची माणसं दारात.

शरीरावर जे होतं ते अपघातांइतकं दिसत नाही. कंबर जाते. लघवी तुंबवून ठेवायची सवय लागते, मुतखडे होतात. तंबाखू, गुटखा झोप घालवण्यासाठी सुरू होतो आणि जबड्यापर्यंत पोचतो. एक चांगला निर्णय झाला आहे: १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालवाहू गाड्यांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. उन्हाळ्यात ४३ अंशांत रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाला तो चैनीचा विषय नाही. पण जुन्या गाड्या अजून कित्येक वर्षं धावणार, आणि कचऱ्यावर बऱ्याचदा त्याच येतात.

२०२४ च्या नववर्षाच्या पहिल्या दोन दिवसांत चालकांनी देशभर गाड्या उभ्या केल्या. भारतीय न्याय संहितेत अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली होती. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या तेव्हा लोकांना चालक आठवले. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली, तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. मृताच्या कुटुंबाला न्याय मिळावा म्हणून शिक्षा कडक हवी, हे म्हणणं मला पटतं. थांबलं तर जमाव मारून टाकेल ही चालकाची भीतीही खोटी नाही. अपघातानंतर डंपर पेटवून दिल्याच्या बातम्या आपण वाचतोच. कळवण्यासाठी सुरक्षित मार्ग आधी हवा, शिक्षा त्यानंतर.

•••

संघटनेने काय होऊ शकतं याचं उदाहरण मुंबईच्याच कचऱ्यात आहे. कंत्राटी सफाई कामगारांची ‘कचरा वाहतूक श्रमिक संघ’ ही संघटना १९९७ साली उभी राहिली. मिलिंद रानडे हे तिच्या नेत्यांपैकी एक. गाडीमागे लटकणारे हे कामगार बहुतेक दलित, कित्येक जण मराठवाड्याच्या दुष्काळातून शहरात आलेल्या घरांतले. महापालिकेच्या कागदांवर त्यांना कामगार म्हणायचं टाळून स्वयंसेवक म्हणण्यापर्यंत मजल गेली होती. औद्योगिक न्यायाधिकरणात २०१४ साली २,७०० कामगारांना कायम करण्याचा निकाल लागला आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. इतका लांब पल्ला गाठल्यावरही नावांच्या स्पेलिंगमधल्या फरकांवरून अनेकांचे कागद अडले. तरीही ही जीत फार मोठी आहे.

त्याच गाडीच्या पुढच्या बाजूला बसलेला ठेकेदाराचा चालक या हिशेबात नव्हता. तो गाडीबरोबर भाड्याने येतो. मालक बदलला, ठेका बदलला, की तोही बदलतो. कुणाकडे किती वर्षं काम केलं हे दाखवायला त्याच्याजवळ बहुधा फक्त लायसन्स असतं.

एक गोष्ट गेल्या काही वर्षांत झपाट्याने नाहीशी झाली, ती म्हणजे क्लीनर. पूर्वी प्रत्येक जड गाडीवर तो असायचा. टायर तपासणारा, काच पुसणारा, डाव्या बाजूने डोकं बाहेर काढून बसणारा, गाडी मागे घेताना उतरून “येऊ द्या, येऊ द्या” ओरडणारा पोरगा. तोच चार-पाच वर्षांत स्टिअरिंग शिकायचा आणि चालक व्हायचा. त्याला मार पडायचा, पैसे कमी मिळायचे, वय लपवलेलं असायचं. ती पद्धत जशी होती तशी परत यावी असं कुणीही म्हणू नये. पण खर्च वाचवण्यासाठी मालकांनी तो माणूसच काढून टाकला, आणि त्याच्या जागी काही आलं नाही. जड गाडीच्या डाव्या बाजूला, केबिनच्या खाली आणि हौद्याच्या मागे चालकाला न दिसणारा मोठा पट्टा असतो. वळणावर डावीकडून घुसणारा दुचाकीवाला नेमका त्या पट्ट्यात येतो. ओतताना मागे गेलेला मुकादमही तिथेच असतो. चालक शिकून तयार होण्याची वाटही बंद झाली. आता कुणी दुसऱ्याकडे पाहून पाहून शिकतो, कुणी छोट्या टेम्पोवरून थेट हायवावर चढतो.

ठेक्याच्या अटींत एकच ओळ घालायची तर कोणती घालाल, असं मी चालकांना विचारत गेलो. काहींनी काट्याजवळ नळ आणि संडास मागितला. काहींनी खेपेऐवजी तासांवर पैसे. सर्वात जास्त वेळा आलेलं उत्तर मात्र गाडीवरच्या दुसऱ्या माणसाबद्दल होतं: प्रत्येक गाडीवर एक सज्ञान, शिकवलेला मदतनीस, आणि त्याचा पगार खेपेवर नाही, महिन्यावर. महापालिकांच्या निविदांत गाडीचा रंग असतो, जीपीएस असतो, झाकण कसं असावं हे असतं, उशीर झाला तर दंड किती हे असतं. वाहनामागे दोन माणसं आणि त्यांचे तास लिहायला त्यात जागा आहे. कचऱ्याचे पुढचे ठेके निघतील तेव्हा आपापल्या प्रभागातल्या नगरसेवकाला आणि घनकचरा विभागाला ही अट त्यात आहे का, एवढं विचारायला हवं. खडीच्या गाड्यांसाठी हेच महारेराकडे नोंदलेल्या प्रत्येक गृहप्रकल्पाच्या बिल्डरला विचारता येईल. फ्लॅट घेताना आपण टाइल्स आणि नळांच्या कंपन्यांची नावं विचारतोच.